पहिलाच फेरेट, तोही बहिरा: पाळावा का, आणि पाळायचा तर कसा

पाळायला हरकत नाही, पण दोन गोष्टी आधी बघा. घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल नसावं, आणि शक्यतो पिल्लाऐवजी वर्षभराहून मोठा, माणसांच्या हाताला सरावलेला फेरेट (मुंगसासारखा दिसणारा, लांबट अंगाचा पाळीव प्राणी) घ्यावा. नवख्या माणसाची दमछाक होते ती बहुतेक वेळा बहिरेपणामुळे नव्हे, फेरेटमुळेच. रोज किमान चार तास पिंजऱ्याबाहेर मोकळं फिरवणं, निव्वळ मांसाहार, दिसेल त्या कोपऱ्यात शी करायची खोड, अंगाचा उग्र वास, पाच ते आठ वर्षांची बांधिलकी आणि उतारवयात वारंवार दिसणारे अधिवृक्क (मूत्रपिंडाजवळच्या) ग्रंथीचे व स्वादुपिंडाचे आजार, हे सगळं ऐकू येणाऱ्या फेरेटच्या वाट्यालाही आहेच. एवढं पेलत असेल तर बहिरेपणामुळे फक्त तुमच्या काही सवयी बदलाव्या लागतात. पेलत नसेल, तर कान शाबूत असलेला फेरेटही घेऊ नका. काही ठिकाणी फेरेट पाळायला कायद्यानेच बंदी आहे. कॅलिफोर्निया आणि हवाई ही त्यातली ठळक नावं. तेव्हा आपल्या भागातला नियम सगळ्यात आधी तपासा.

बहिरा आहे हे ओळखायचं कसं

पहिला अंदाज रंगावरून येतो. डोक्यावरून मानेकडे जाणारा पांढरा पट्टा, किंवा डोकं, मान आणि खांदे पूर्ण पांढरे असलेला 'पांडा' रंग दिसला, तर तो फेरेट बहिरा आहे असं धरूनच चाला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातले 152 पाळीव फेरेट तपासले होते. त्यातले 29 टक्के जन्मतः एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले, आणि त्यातले पांडा व पट्टेवाले तर झाडून सगळे बहिरे होते. लांब केसांच्या अंगोरा प्रकाराचा मात्र बहिरेपणाशी संबंध आढळला नाही.

कारण असं, की त्वचेला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. गर्भात त्या तिथवर पोचल्या नाहीत, तर ध्वनी टिपणाऱ्या पेशी जन्मानंतर लवकरच मरतात. यावर उपचार नाही. लाल डोळ्यांचा पांढरा फेरेट मात्र सहसा नीट ऐकतो. त्याच्या कानात त्या पेशी असतात, फक्त रंग तयार करत नाहीत. काळ्या डोळ्यांचा पांढरा फेरेट असेल तर शंका जरूर घ्या.

घरी तपासायचं तर फेरेट पूर्ण जागा हवा. फेरेटची झोप इतकी गाढ असते की ऐकू येणाराही हाकेने उठत नाही, त्यामुळे झोपेत केलेली चाचणी काहीच सांगत नाही. बाकीचे फेरेट दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण बहिरा फेरेट त्यांचं बघून मान वळवतो. त्याच्या पाठीमागे दोन मीटरवर, सतरंजीवर किंवा गालिच्यावर उभे राहा आणि दाबल्यावर चिवचिवणारं खेळणं वाजवा. टाळी नको, जवळून वाजवली तर हवेचा झोत जाणवतो. दुसऱ्या माणसाने समोरून फक्त कान आणि मान हलते का ते बघावं. एकच आवाज सारखा ऐकला की ऐकू येणारा फेरेटही दुर्लक्ष करू लागतो, म्हणून दर वेळी दोन-तीनदाच वाजवा, आवाज बदला आणि तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी पुन्हा बघा.

एकाच कानाचा बहिरेपणा घरी कळत नाही. त्यासाठी पशुवैद्याकडे मेंदूच्या लहरी मोजणारी श्रवणचाचणी असते. सहसा ती गुंगी देऊन करतात. दोन्ही कानांनी बहिरा असल्याची खात्री असेल, तर तिच्यावाचून काही अडत नाही.

हात लावण्याआधी

बहिरा फेरेट चावतो तो बहुधा दचकून. म्हणून सगळ्यात आधी स्वतःला लावायची सवय ही, की त्याला कळल्याशिवाय स्पर्श करायचा नाही.

झोपलेल्याला उठवताना हात थेट त्याच्या झोपायच्या झोळीत घालू नका. झोळीची कड हलकेच दोन-तीनदा हलवा. मग बंद मूठ त्याच्या नाकापासून चार-पाच सेंटिमीटरवर धरा आणि वास पोचू द्या. नाक हलतं, मिशा हलतात, डोळे उघडतात. त्यानंतरच खांद्यावरून हात फिरवा. चेहऱ्यावर फुंकर मारू नका. काही फेरेट त्यानेच चवताळतात. उठल्यावर अंग थरथरतं. ते नेहमीचंच आहे, थंडी वाजल्याचं लक्षण नव्हे.

जागा असेल तेव्हा समोरून किंवा बाजूने, खाली वाकून जा. वरून येणारा हात म्हणजे त्याच्या लेखी झडप घालणारा पक्षी. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पाठमोरा खेळत असेल तर आधी त्याच्या नजरेच्या टप्प्यात या. घरातल्या प्रत्येकाने आणि पाहुण्यांनीही हेच पाळायला हवं. एकाने जरी मागून पकडायची सवय ठेवली, तरी फेरेट सगळ्यांच्याच हातांना बिचकायला लागतो.

खुणा शिकवणं

सुरुवातीला तीनच खुणा पुरे: 'ये', 'नको' आणि 'उचलतोय'. 'ये'साठी जमिनीवर तळहाताने दोन थापा. लाकडी जमिनीवर हे छान चालतं, पण सिमेंटवरच्या फरशीतून कंप जवळजवळ पोचतच नाही. महिनाभर थापा मारूनही फेरेट येत नाही, अशी तक्रार असते तेव्हा बहुधा जमीनच आड येत असते. तिथे टॉर्चचा प्रकाश त्याच्या पुढ्यात जमिनीवर फिरवा, किंवा खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद करा. लेझर वापरू नका, डोळ्यांना धोका असतो.

बक्षीस म्हणून शिजवलेल्या कोंबडीचा अर्ध्या वाटाण्याएवढा तुकडा घ्या, मीठ-मसाला न लावलेला. खूण केली आणि फेरेट आला, की एक-दोन सेकंदांत तो तोंडात पडला पाहिजे. उशीर झाला तर बक्षीस कशाचं हे त्याला उमगत नाही. पहिले दोन-तीन दिवस हाताच्या अंतरावरूनच, एका वेळी आठ-दहा वेळा. जमलं की एक मीटर, मग खोलीचं दुसरं टोक, शेवटी शेजारची खोली. वेळ तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. झोपेतून उठून शी-शू उरकल्यावरची वेळ सगळ्यात चांगली.

हे सगळं बिघडतं ते एका चुकीने. फेरेटला पिंजऱ्यात बंद करायचं असेल तेव्हाच 'ये'ची खूण केली जाते. चार दिवसांत त्याच्या ते लक्षात येतं आणि तो यायचा बंद होतो. दहा हाकांपैकी फार तर एक-दोन पिंजऱ्यात संपाव्यात. बाकी आठ वेळा खाऊ द्या आणि पुन्हा मोकळं सोडा. रागाने जमिनीवर हात-पाय आपटू नका, नाहीतर खुणेचा अर्थच जातो.

'नको'साठी उघडा पंजा चेहऱ्यासमोर आडवा धरा आणि लगेच खेळ थांबवा. 'उचलतोय'साठी उचलण्याआधी दर वेळी खांद्याला दोन बोटं टेकवा. कंप देणारे पट्टे घेऊ नका. फेरेटची मान आणि डोकं जवळपास सारख्याच जाडीचं असतं. पट्टा निसटतो, किंवा घट्ट बसवला तर गळ्याला काचतो.

चावणं

पिल्लं एकमेकांना जोरात चावली की चावलेलं पिल्लू किंचाळतं, आणि त्यावरून दुसऱ्याला आपल्या दातांचा जोर कळतो. बहिऱ्या पिल्लाला ती किंचाळी ऐकूच येत नाही, त्यामुळे आवर उशिरा येतो. नवख्याने पिल्लू घेऊ नये असं आम्ही म्हणतो ते यासाठीच. तुमच्या ओरडण्याचाही उपयोग नाही. दात लागले की हात स्थिर ठेवा, 'नको'ची खूण करा आणि त्याला रिकाम्या प्रवासी पिंजऱ्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. राहत्या पिंजऱ्यात नको, ती शिक्षेची जागा होता कामा नये. नाकावर टिचकी, फटका हे प्रकार केले तर हात दिसताच चावणारा फेरेट तयार होतो.

दात रुतवून धरलंच, तर हात ओढू नका, कातडी फाटते. त्याचं अंग खालून सावरून मानेवरची सैल कातडी धरा. बहुतेक फेरेट सैलावतात, जांभई देतात आणि सोडतात.

घर

2.5 सेंटिमीटरहून मोठी प्रत्येक फट बंद करा. पिंजऱ्याच्या गजांमधलं अंतरही याहून जास्त नको, मादीसाठी आणखी कमी. मागे रेलणारी खुर्ची आणि पलंग होणारा सोफा फेरेटच्या खोलीत ठेवूच नका. यांत्रिक सांध्यात चिरडून फेरेट मरतात, आणि बहिऱ्याला तर यंत्र सुरू झाल्याचा सुगावाही लागत नाही. कपडे धुण्याचं यंत्र लावण्याआधी आत हात घालून बघा. चादरीच्या ढिगावर बसू नका. तो मोकळा असताना पावलं न उचलता घासत चाला. दाब पडताच सुटणाऱ्या पट्ट्याला छोटी घंटा बांधली, तर तो कुठे आहे ते तुम्हाला कळतं. ती खास तुमच्यासाठी. रबर आणि स्पंज मिळेल तिथून काढून टाका, गिळल्यास आतडं तुंबतं.

खाणं आणि तब्येत

अन्न तीन-चार तासांत आतड्यातून पार होतं, म्हणून खाणं दिवसभर समोर असावं: प्राणिज प्रथिनं 35 ते 40 टक्के, चरबी 20 टक्क्यांच्या आसपास, तंतू 3 टक्क्यांच्या आत. फळं आणि गोड खाऊ नको. डिस्टेंपर (एक विषाणूजन्य आजार) आणि रेबीजच्या लसी पशुवैद्याला विचारून वेळेवर द्या. डिस्टेंपर झालेला फेरेट जवळजवळ वाचत नाही. माणसाचा फ्लू त्याला लागतो. 27 अंशांपुढे उकाडा त्रासदायक, 32 अंशांना जिवावर बेतू शकतं. मादी माजावर आली आणि तशीच राहिली तर रक्तक्षय होऊन मरू शकते, म्हणून नसबंदी किंवा संप्रेरकाचं रोपण याबद्दल आधीच ठरवा.

एक गल्लत जीवघेणी ठरते. स्वादुपिंडाच्या गाठीमुळे रक्तातली साखर उतरली की फेरेट टक लावून बघतो, लाळ गाळतो, मागचे पाय ओढतो आणि प्रतिसाद देत नाही. 'बहिराच आहे, गाढ झोपला असेल' म्हणून वेळ दवडला जातो. झोपलेला फेरेट वास आणि स्पर्शाने मिनिटाभरात जागा होतो. तसा झाला नाही, तर कापसाच्या काडीने हिरड्यांना थोडा मध लावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या.

पांढरा पट्टा किंवा पांडा रंग असलेल्या फेरेटची पैदास करू नका. बहिरेपण पुढच्या पिढीत उतरतं.

हरवला तर

त्याला हाक मारून परत आणता येत नाही, तेव्हा मायक्रोचिप आधीच बसवून घ्या आणि बाहेर नेताना हार्नेस (छाती-खांद्यांवरून बांधायचा पट्टा) घाला, पट्टा आणि अंगामध्ये एक बोट जाईल इतपत घट्ट. तरीही निसटला, तर आधी घराभोवतीच्या पन्नासेक मीटरमधली बिळं, गटारं, लाकडांचे ढीग, उभ्या गाड्यांची खालची बाजू बघा. त्याचं न धुतलेलं अंथरूण आणि वासाचं खाणं दार उघड्या प्रवासी पिंजऱ्यात घालून तो घराबाहेर ठेवा. अंधार पडल्यावर टॉर्च जमिनीलगत फिरवा. खूण प्रकाशाची शिकवली असेल तर तो स्वतःहून येण्याची शक्यता असते, आणि नसली तरी डोळे चमकतात.