स्ट्रायकर पिस्तुलातल्या आतल्या सेफ्टी : या चुका टाळा

या पिस्तुलात काडतुसावर आघात करणारी दांडी, म्हणजे स्ट्रायकर, आतच असते. बाहेर घोडा (हॅमर) दिसत नाही आणि अंगठ्याने फिरवायचा खटकाही बऱ्याच मॉडेलना नसतो. म्हणून काहींना वाटतं, या पिस्तुलाला सेफ्टीच नाही. काहींना उलट वाटतं की आत तीन-तीन सेफ्टी आहेत म्हटल्यावर काळजी कशाला. मला ही दुसरी समजूत जास्त घातक वाटते.

1982 साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेलं ग्लॉक 17 घ्या. ट्रिगरच्या मधोमध एक पातळ जीभ असते. ती दाबली गेली तरच ट्रिगर मागे सरकतो. स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात, स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा प्लंजर (दट्ट्या) स्ट्रायकरची वाट अडवून असतो. ट्रिगर बारवरचा, म्हणजे ट्रिगरला जोडलेल्या पट्टीवरचा, उंचवटा त्याला वर ढकलतो, तेव्हाच वाट मोकळी होते. शिवाय बारचं क्रॉसच्या आकाराचं मागचं टोक एका कठड्यावर टेकलेलं असतं, त्यामुळे धक्क्याने ते खाली उतरून स्ट्रायकर सुटत नाही. ट्रिगर ओढताना या तिन्ही सेफ्टी एकापाठोपाठ उघडतात, सोडला की परत लागतात.

म्हणजे ट्रिगर ओढला गेला, की तिन्ही बाजूला होतात. ओढणारं तुमचं बोट आहे की जॅकेटची दोरी, हे त्यांना कळत नाही. पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात, घालताना शर्टाचा कोपरा किंवा दोरीची गाठ ट्रिगर गार्डमध्ये अडकते, हात जोर लावतो आणि गोळी सुटते. जुनं, मऊ पडलेलं चामडंही असंच आत दुमडतं. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर वापरा, तोंडाशी काही आलं नाही ना ते बघत सावकाश घाला, आणि अडलं तर दाबू नका, बाहेर काढून पाहा.

हातातून निसटलेलं पिस्तूल झेलू नका. बोटं नेमकी ट्रिगरवर पडतात. पडू द्या. मात्र पडण्याच्या बाबतीत सगळी मॉडेल सारखी नाहीत. सिग सॉवर कंपनीचं पी320 पिस्तूल ठरावीक कोनात पडलं तर ट्रिगर स्वतःच्याच वजनाच्या झटक्याने मागे जाऊ शकतो, हे 2017 मध्ये उघड झालं. कंपनीने त्याच ऑगस्टमध्ये मोफत सुधारणा देऊ केली, त्यात ट्रिगर हलका केला. ट्रिगर असा झटक्याने मागे जाऊ नये म्हणूनच ग्लॉकच्या ट्रिगरवर ती जीभ असते, ते इथे लक्षात येतं.

मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, ही चूक जाणतेही करतात. चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात बसलेलं, काडतूस तिथेच असतं आणि ग्लॉकमध्ये मॅगझिनविनाही गोळी सुटते. त्यात भर म्हणजे ग्लॉक उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो. म्हणून आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. हा क्रम उलटा झाला, तर चेंबरमध्ये नवं काडतूस जाऊन बसतं.

स्ट्रायकरच्या नळीत तेल घालू नका. त्यात काजळी बसून चिखल होतो, स्ट्रायकर मंदावतो आणि काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरवर (पेटवणाऱ्या टोपीवर) नुसता हलका ठसा उमटतो. ट्रिगर हलका व्हावा म्हणून घरी प्लंजर किंवा बार घासणं तर कटाक्षाने टाळा; तिथे थोडासा धातू गेला तरी अडवणूक अपुरी पडते.

साफसफाईनंतर, रिकाम्या पिस्तुलाची नळी सुरक्षित दिशेला ठेवून, जिभेला स्पर्श न करता ट्रिगर बाजूंनी धरून मागे ओढून पाहा. तो पूर्ण मागे गेला, किंवा जीभ दाबल्यावर परत बाहेर आली नाही, तर ते पिस्तूल भरू नका, आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे, द्या.