विज्ञानाची प्रश्नमंजूषा: आधी उत्तर शोधा, मग प्रश्न

सोसायटीचा गणेशोत्सव असो की २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, प्रश्नमंजूषा ठेवायचं ठरलं की कुणीतरी शाळेची पुस्तकं काढून बसतं. मग ‘पाण्याचं रासायनिक सूत्र काय?’ असले प्रश्न येतात. आठवीतली पोरं ओरडून उत्तर देतात आणि बाकीची मंडळी चहाच्या टेबलाकडे सरकतात. तो तोंडी परीक्षेचा प्रकार झाला. सगळ्यांना खेळायला लावायचं असेल, तर प्रश्न जरा वेगळ्या रीतीने काढावे लागतात.

सुरुवात उत्तरापासून करा. वाचताना, बातम्या बघताना ‘अरेच्चा, असं होय!’ वाटलं की ते वहीत टिपून ठेवा. प्रश्न त्यातूनच निघतो. माझा आवडता नमुना सांगतो: ‘दिल्लीत सूर्य वर्षातून किती वेळा बरोबर डोक्यावर येतो?’ कुणी म्हणतं रोज दुपारी बारा वाजता, कुणी म्हणतं एकदाच, २१ जूनला. उत्तर आहे, एकदाही नाही. सूर्य उत्तरेला फार तर कर्कवृत्तापर्यंत, म्हणजे साडेतेवीस अंशांपर्यंत डोक्यावर येतो आणि दिल्ली त्याच्याही वर आहे. मंडळी बुचकळ्यात असतानाच पुढचा प्रश्न टाकायचा, ‘मग मुंबईत?’ तिथे दोनदा: मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटाला. त्या दिवशी भर दुपारी उभ्या खांबाची सावली थेट बुंध्यातच पडते. जुलैतली खेप बहुतेक ढगांतच जाते, त्यामुळे तिचा कुणाला पत्ता लागत नाही.

या प्रश्नाला सूत्र लागत नाही की पाठांतर. सूर्य सगळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून प्रत्येकाला काहीतरी बोलावंसं वाटतं. चुकीचं उत्तर अगदी बरोबर वाटतं आणि खुलासा दोन-तीन वाक्यांत संपतो. खुलाशाला फळा लागत असेल, तर तो प्रश्न मी सरळ बाद करतो.

पाठ्यपुस्तकातला प्रश्नही असा वळवता येतो. ‘पाण्याचा उत्कलनबिंदू किती?’ याऐवजी ‘लेहमध्ये उघड्या पातेल्यात बटाटे उकडायला मुंबईपेक्षा जास्त वेळ लागेल की कमी?’ असं विचारा. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं आणि बटाटे रेंगाळतात. ज्या काकूंनी विज्ञान दहावीलाच सोडलं, त्या इथे इंजिनिअर जावयाला हरवू शकतात.

आता पर्याय. तीन फालतू आणि एक बरोबर, असं करू नका. चुकीचा पर्याय लोकांच्या मनात आधीपासून बसलेला हवा. ‘सूर्यमालेतला सर्वांत उष्ण ग्रह कोणता?’ याला पर्यायांत बुध नसेल तर सगळी मजाच गेली. तो सूर्याला सर्वांत जवळचा, म्हणून निम्मी सभा तिकडे धावते. खरा मान शुक्राचा. त्याच्या दाट कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात उष्णता अडकते आणि पृष्ठभाग साधारण ४६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला राहतो.

शब्दरचनेवर मात्र वेळ घालवा, कारण भांडणं तिथेच होतात. ‘सर्वांत पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘एकमेव’ हे शब्द दिसले की थांबायचं. ‘चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरलेलं पहिलं यान कोणतं?’ असं विचारलंत, तर कुणीतरी उठून सांगेल की चांद्रयान-३ ध्रुवावर नव्हे, सुमारे ६९ अंश दक्षिणेला उतरलं, ध्रुवापासून सहाशेएक किलोमीटर अलीकडे. आणि त्याचं बरोबरच असेल. ‘दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात’ एवढा बदल केला की वाद मिटला.

काही उत्तरं शिळीही होतात. सर्वाधिक उपग्रह कुणाचे, या प्रश्नात २०२३च्या सुरुवातीला काही महिने गुरू पुढे होता, मग शनीने पुन्हा आघाडी घेतली आणि २०२५मध्ये त्याचा आकडा २७४वर गेला. असा प्रश्न घेतलाच, तर आदल्या दिवशी तपासा. प्रत्येक उत्तर दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड हे त्यातलं एक ठिकाण धरू नका.

क्रमाचं फार डोकं लावू नका. पहिला प्रश्न बहुतेकांना यावा, अवघड मधे, गमतीचा शेवटी. एखादी चित्रांची फेरी ठेवली की लहान मुलंही रमतात. लोणार सरोवराचा जून २०२०मधला गुलाबी फोटो दाखवा आणि रंग कशाने आला ते विचारा. (खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.)

सगळे प्रश्न कार्यक्रमाआधी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, तेही विज्ञानाशी संबंध नसलेल्या माणसाला. ‘म्हणजे?’ असं त्याने विचारलं की वाक्य मोडून लहान करा.

एक प्रश्न बरोबरी फोडायला राखून ठेवा, आकड्याचा. ‘नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत ३० तबकड्या आहेत, एका तबकडीचा व्यास किती मीटर?’ दोन्ही गटांनी चिठ्ठीवर आकडा लिहायचा, जो जवळ जाईल तो जिंकला. उत्तर ४५.