कॅबमध्ये अत्याचार झाला, तर आधी काय करायचं

ठाणे कोर्टात मी वकिली करते. एक मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा त्या रात्रीची ओढणी तिने धुऊन, इस्त्री करून आणली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे आधी: कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नको. अंघोळ झाली असेल, दिवस उलटले असतील, तरी तक्रार करता येते. घाबरू नका.

अ‍ॅपमधली ट्रिप, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून बहिणीला नाहीतर मैत्रिणीला पाठवून ठेवा.

घोडबंदरला गाडीत बसलात आणि प्रकार ऐरोलीत घडला, तर ‘आमच्या हद्दीत येत नाही’ एवढं ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेली तक्रार, होतो. जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणं हा त्या पोलिसाचाच गुन्हा ठरतो.

त्याच संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने लगेच मोफत उपचार द्यायचे. तपासणी मात्र तुमच्या संमतीनेच.

गाडी ऑफिसने दिलेली असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तीही कामाची जागाच. ड्रायव्हरविरुद्ध तीन महिन्यांत ऑफिसमधल्या, अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडेही लेखी तक्रार द्या.

वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना मोफत वकील देतं, उत्पन्न कितीही असो. अत्याचार झालेल्या महिलांसाठीच्या राज्य सरकारच्या ‘मनोधैर्य’ योजनेतल्या मदतीचंही तिथेच विचारा.