नव्या स्पीकरचा ट्रेबल कानाला टोचतोय? नॉबला हात लावण्याआधी हे तपासा

नवे स्पीकर लावले आणि गायकाचा प्रत्येक 'स' नि 'श' शिट्टीसारखा कानात घुसू लागला, की हात आपसूक ट्रेबलच्या (उंच, तीक्ष्ण आवाजाच्या) नॉबकडे जातो. थोडं थांबा. बऱ्याचदा ट्रेबल जास्त नसतोच. बास (खालचा, घुमणारा आवाज) कुठेतरी गळालेला असतो, नाहीतर खोली आवाज उलट फेकत असते. नॉब फिरवून दोष फक्त झाकला जातो.

आधी तीन-चार ओळखीची गाणी वायरने जोडून ऐका. एकच गाणं कर्कश असेल तर ते रेकॉर्डिंगच तसं. अ‍ॅम्प्लिफायरवरचे ट्रेबल आणि बास शून्यावर आणा. आवाज 'स्पष्ट' करणारे मोड बंद करा. यातले बरेच मोड २ ते ५ किलोहर्ट्झचा पट्टा उचलतात आणि कान नेमका तिथेच सर्वांत संवेदनशील असतो.

मग वायरिंग. एकाच स्पीकरची लाल-काळी वायर उलटी बसली तर एक वूफर (बास वाजवणारा मोठा पडदा) पुढे जाताना दुसरा मागे येतो, बास एकमेकांना मारतो आणि आवाज पातळ, चरचरीत होतो. एखादं निवेदन मोनोमध्ये (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) लावा आणि दोन्ही स्पीकरच्या मधोमध बसा. बोलणारा समोर ठाम बसलेला वाटला पाहिजे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरल्यासारखा वाटला, तर अ‍ॅम्प बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. शंका उरलीच तर, वेगळा अ‍ॅम्प लागणाऱ्या स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवा आणि १.५ व्होल्टच्या सेलचं धन टोक लाल वायरला, ऋण टोक काळ्या वायरला क्षणभरच टेकवा. दोन्ही स्पीकरचे वूफर एकाच दिशेला सरकायला हवेत.

मागे चार टर्मिनल असतील तर वरच्या-खालच्या जोड्यांना जोडणारी धातूची पट्टी जागेवर आहे ना, ते बघा. ती नसेल आणि वायर वरच्या जोडीला असेल तर नुसता ट्वीटर, म्हणजे ट्रेबल वाजवणारा छोटा भाग, वाजतो. होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर आणखी एक फसगत: सेटिंगमध्ये स्पीकर 'स्मॉल' ठेवलेत, म्हणजे खालचा बास सबवूफरकडे (फक्त बाससाठीच्या वेगळ्या स्पीकरकडे) जातो, पण सबवूफर बंद आहे. साधारण ८० हर्ट्झखालचा आवाज मग कुठूनच येत नाही.

इतकं ठीक असेल तर स्पीकर हलवा. खरा फरक इथेच पडतो. ट्वीटरच्या सरळ रेषेत ट्रेबल सर्वांत जास्त असतो, बाजूला गेलं की कमी होतो. म्हणून स्पीकर थेट कानांवर रोखलेले असतील तर थोडे बाहेर वळवा, म्हणजे त्यांच्या रेषा डोक्याच्या मागे मिळतील. एका वेळी पाच अंशच, आणि दर वेळी तेच गाणं. ट्वीटर बसल्या कानाच्या उंचीवर, साधारण ९० ते १०० सेंटीमीटरवर असावा. बास कमी वाटत असेल तर स्पीकर मागच्या भिंतीकडे दहा-दहा सेंटीमीटर सरकवा.

खोलीसाठी आरसा घ्या. तुम्ही ऐकायच्या जागी बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवर ट्वीटरच्या उंचीला आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात ट्वीटर दिसेल, तिथे आवाज आदळून तुमच्याकडे येतो. तिथे भरलेलं पुस्तकांचं कपाट किंवा चुण्यांचा जाड पडदा ठेवा. समोरच्या मोकळ्या फरशीवर गालिचा. सेंटीमीटरभर जाडीचा फोम चिकटवू नका: तो अगदी वरचा ट्रेबल खातो आणि टोचणारा ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग बराचसा तसाच ठेवतो. पाच ते दहा सेंटीमीटर जाडीचं पॅनेल हवं.

फक्त मोठ्या आवाजातच कर्कश होत असेल तर अ‍ॅम्प क्लिप होत असण्याची, म्हणजे ताकद अपुरी पडून आवाज कापला जाण्याची शक्यता मोठी. आवाज कमी करा. ती अवस्था ट्वीटर जाळते.

इक्वलायझर (आवाजाचा ठरावीक पट्टाच कमी-जास्त करणारी सोय) सर्वांत शेवटी. आवाज ओरडल्यासारखा असेल तर ३ किलोहर्ट्झवर २ डेसिबल कमी करा. नुसते 'स-श' टोचत असतील तर ६ ते ८ किलोहर्ट्झमध्ये तेवढेच. चार-पाच डेसिबल कमी करावे लागत असतील तर मागच्या पायऱ्यांत काहीतरी सुटलंय.

एकाच बाजूचा आवाज खुपतोय? डावा-उजवा स्पीकर जागेसकट बदला, वायरी जिथल्या तिथे ठेवून. त्रास स्पीकरबरोबर गेला तर ट्वीटर किंवा क्रॉसओव्हर (स्पीकरच्या आत बास-ट्रेबल वेगळे करणारं सर्किट) सदोष, तिथेच राहिला तर खोली, वायर किंवा अ‍ॅम्प. 'शंभर तास वाजवा, मग मऊ होईल' या सल्ल्यावर मात्र विसंबू नका. तोवर परत करायची मुदत संपते.