रिकर्व्हची दोरी आणि बाण: आधी वजनकाटा लावा, मग खरेदीला निघा

रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. त्याच्या लिंबवर, म्हणजे वाकणाऱ्या पात्यावर, ‘६८-३०’ असं छापलेलं असतं. त्यातली ६८ इंच लांबी खरी, पण ३० पाउंड तुमचे नव्हेत. २८ इंच खेचल्यावर बोटांवर जो भार येतो, तो कंपनी छापते. तुमचा हात किती खेचतो हे तिला कुठून कळणार? तरीही त्याच आकड्यावर बाण विकले जातात, आणि नवी मुलं महिनोन् महिने स्वतःच्या रिलीजला, म्हणजे दोरी सोडण्याला, दोष देत राहतात.

धनुष्य जोडा, बाण टेकवायची रेस्ट चिकटवा. दोरी चढवताना स्ट्रिंगर हे त्यासाठीचं साधनच वापरा. पायात अडकवून चढवली की लिंब पिळतं.

६८ इंची धनुष्याला ६८चीच दोरी मागा. प्रत्यक्षात ती साधारण ३ इंच आखूड असते आणि ते बनवणाऱ्याला ठाऊक असतं. तुम्ही स्वतः वजाबाकी करून ६५ची मागू नका. जुन्या लाकडी किंवा शिकाऊ धनुष्याला डेक्रॉनची, म्हणजे थोडी ताणणारी दोरीच लावा. फास्ट फ्लाइटसारखी दोरी ताणत नाही, त्यामुळे सगळा झटका लिंबच्या टोकांवर येतो आणि टोकं त्यासाठी मजबूत केलेली नसतील तर चिरतात. इंडियन राउंड या देशी प्रकारातल्या बांबूच्या धनुष्याला तर ती कधीच नको.

ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपच्या खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर, साडेआठ ते पावणेनऊ इंचांवर ठेवून सुरुवात करा. कमी भरलं तर दोरी उतरवून पीळ वाढवा, जास्त भरलं तर कमी करा. नवी दोरी ताणते, म्हणून पहिले काही दिवस रोज मोजा.

नॉक, म्हणजे बाणाच्या मागची दोरीत बसणारी खाच, तपासायला बाण दोरीला लावून खाली लोंबू द्या आणि दोरीवर टिचकी मारा. टिचकीसरशी सुटला तर बरोबर. नुसता लोंबताना गळत असेल तर दोरीच्या मध्यावरचं सर्व्हिंग (गुंडाळलेला धागा) जाड करून घ्या. खेचताना नॉक निसटला तर तो ड्राय फायरच, म्हणजे बाणाविना दोरी सुटणं, आणि त्यात लिंब फुटू शकतं.

आता बाण. इथेच माझे दोन महिने वाया गेले.

बाण सुटताना बोटांवरून घसरणारी दोरी थोडी बाजूला सरकते, त्यामुळे बाण माशासारखा वाकत वाकत रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाला, वळसा घालून जातो. किती वाकावा, ते स्पाइन, म्हणजे शाफ्टचा (बाणाच्या दांड्याचा) कडकपणा, ठरवतो. २८ इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मध्यावर ८८० ग्रॅम वजन टांगलं आणि तो अर्धा इंच वाकला, तर स्पाइन ५००. म्हणजे आकडा लहान, बाण कडक.

माझं लिंब ३०चं होतं आणि दुकानातून मला ५०० स्पाइनचे बाण मिळाले, ‘पुढे पाउंडेज वाढेलच’ म्हणून. रोज कांदिवलीहून धनुष्याची बॅग घेऊन स्लो लोकलने रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, यायचे, आणि बाण रोज डावीकडे. प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची पिन) सैल केला, अँकर (खेचलेला हात चेहऱ्यावर टेकायची जागा) बदलला, रिलीज बदलला. शेवटी एका ज्येष्ठ तिरंदाज ताईंनी दोरीला काटा लावून भार मोजला. मी साडेसव्वीस इंचच खेचत होते, आणि बोटांवर जेमतेम २७ पाउंड येत होते. त्या भाराला आणि २८ इंची बाणाला ८०० ते ९०० स्पाइन लागतो. ‘पुढे वाढेल’ म्हणून घेतलेला बाण आज चुकीचाच असतो, हे मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

२०२३ साली बर्लिनला आदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंडमध्ये, म्हणजे चाकांच्या धनुष्यात, जगज्जेते झाल्यापासून कंपाउंडचे सल्ले सगळीकडे ऐकू येतात. त्या दोघांचा अभिमान आहेच. पण कंपाउंडची दोरी रिलीजच्या यंत्राने सुटते, बोटांनी नाही. तिथला ४०० स्पाइन शिकाऊ रिकर्व्हला लावू नका.

काटा घरी वापरायचा असेल तर बॅगेचं वजन करायचा हुकाचा काटा चालतो. किलोला २.२ने गुणा. ड्रॉची लांबी, म्हणजे तुम्ही किती खेचता ते अंतर, मात्र रेंजवरच, टार्गेटकडे तोंड करून मोजा. लांब बाण लावून अँकरपर्यंत खेचा आणि रायझरच्या पुढच्या कडेला सोबतिणीला खूण करायला सांगा. तिने बाजूला उभं राहायचं, पुढे नाही. बाण त्या खुणेपेक्षा किमान एक इंच लांब घ्या. शिकाऊ हाताचा ड्रॉ वाढतो. सोसायटीच्या गच्चीवर एकही बाण सोडू नका.

मग बेअर शाफ्ट, म्हणजे बिनपिसांच्या बाणांची चाचणी. तीन बाण पिसांचे, दोन बिनपिसांचे, अंतर १८ मीटर. बिनपिसांच्या शाफ्टला पिसांच्या जागी टेप गुंडाळून वजन सारखं करा. आधी वर-खाली बघा. बेअर शाफ्ट वर लागले तर नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक बसवायची खूण) वर घ्या, खाली लागले तर खाली. ते जमल्याशिवाय डावं-उजवं बघूच नका, कारण चुकीच्या नॉकिंग पॉइंटने बाण रेस्टवर आपटतो आणि सगळं वाचन खोटं येतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचे बेअर शाफ्ट डावीकडे लागले तर बाण कडक आहेत, जड पॉइंट (बाणाचं टोक) लावून बघा. उजवीकडे लागले तर मऊ आहेत, मग पाव पाव इंच कापा. एकदम इंचभर कापू नका. फरक वीतभर असेल तर स्पाइनच चुकलाय, बाण बदलून घ्या. चार बोटांचा उरला तरच प्लंजरला हात लावा.

पावसाळ्यात खरी पिसं भिजून बसतात, प्लास्टिकच्या व्हेन लावा. आणि कार्बनचा बाण टार्गेटच्या लाकडी चौकटीला किंवा दुसऱ्या बाणाला आपटला, की पुन्हा लावण्याआधी चेहऱ्यापासून लांब धरून दोन्ही हातांनी हळूच वाकवा. कर्र आवाज आला तर तो लगेच मोडून टाका, कुणी चुकून उचलायला नको.