इंदूरच्या मंडळीने सृष्टीचा काळ कसा पाळावा

1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे धर्मगुरू, कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क दिमित्रिओस यांनी 1989 मध्ये जाहीर केला. आता अनेक ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या (चर्च) त्या दिवसापासून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीचे संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, ‘सृष्टीचा काळ’ पाळतात. इंदूरचे कॅथेड्रलही याच संताच्या नावाचे आहे. मात्र तयारी सप्टेंबरात सुरू केली, तर झाडांच्या दृष्टीने उशीर झालेला असतो.

चर्चच्या आवारात दोन फूट खोल खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावेत आणि पहिला दमदार पाऊस झाल्यावर कडुनिंब, करंज, जांभूळ यांची रोपे लावावीत. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व कोवळी मुळे तुटतात. म्हणून दिवाळीनंतर बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे आणि पुढच्या जूनपर्यंत प्रत्येक रोपाला पाणी घालण्याची जबाबदारी तरुण संघातील एकेका कुटुंबाकडे नावानिशी सोपवावी. (रोप लावताना पाळकांसोबत फोटो काढून घेणारे पुष्कळ असतात; मे महिन्यात बादली उचलणारे आधी शोधावेत.) बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेची मशागत आणि राखण, अशी दोन्ही कामे दिली आहेत.

छताचे पाणीही वाया जाऊ देऊ नये: 100 चौरस मीटर छतावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 1000 लिटर पाणी मिळते. पन्हळी साफ करून ते गाळणीतून टाकीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे.

सहल मात्र सप्टेंबरात नव्हे, नाताळानंतर काढावी. इंदूर परिसरातील सिरपूर तलाव आणि यशवंत सागर ही दोन्ही ठिकाणे 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि यशवंत सागरचा परिसर सारसांसाठी प्रसिद्ध आहे. वीसच्या आसपासच माणसे न्यावीत, एकच बस करावी, सूर्योदयापूर्वी पोहोचावे, ध्वनिवर्धक घरीच ठेवावा आणि पक्ष्यांना शेव-पोहे टाकू नयेत. गीत गायचेच असेल तर परतीच्या बसमध्ये गावे. जेवणाचे डबे स्टीलचे असावेत. तरीही निघालेला कचरा शहराच्या पद्धतीप्रमाणे वेगवेगळा करून आपल्याबरोबरच परत आणावा.