पहिला डीएसएलआर घेताय? या चुका टाळा

नाशिकला सिंहस्थाचं वारं सुटल्यापासून आठवड्याला दोन-तीन फोन ठरलेले. "काका, पहिला डीएसएलआर घ्यायचाय, कोणता घेऊ?" असं कुणी विचारलं की मी हातातलं काम बाजूला ठेवून बोलतो. पण निम्मे फोन "काका, घेतला" असे येतात, आणि तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. पैसे दिल्यावर सल्ल्याचा काही उपयोग नसतो.

आधी बाजाराची स्थिती सांगतो. कॅनन आणि निकॉन दोघांचाही सगळा जोर २०१८ पासून मिररलेसकडे, म्हणजे डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांकडे वळला. निकॉनने डी३५०० आणि डी५६०० ही नवशिक्यांची मॉडेलं बंद केली. तरी मी नवख्याला डीएसएलआरला नाही म्हणत नाही. आरशातून थेट दिसणारं दृश्य आणि बॅटरीची ताकद यांसाठी तो आजही घेण्यासारखा आहे; डी३५०० एका चार्जवर कंपनीच्या मोजणीप्रमाणे १५५० फोटो काढतो. पण अशी मॉडेलं बंद झाल्यामुळेच आज पहिला डीएसएलआर बहुतेकांच्या हातात सेकंड हँड येतो, आणि सगळ्यात महाग चुका तिथेच होतात.

माझ्या भाच्याचंच घ्या. आषाढात त्याने एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडून बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि १८-५५ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स घेतली. व्यवहार रात्री साडेनऊला, गंगापूर रोडला एका पार्किंगमध्ये, पिवळ्या दिव्याखाली. "मामा, स्क्रीनवर एक ओरखडा नाही, एकदम नवा आहे." श्रावणात तिसऱ्या सोमवारी तो त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला गेला. फोटो सगळे पांढुरके, विरविरीत. डोंगरावर धुकं होतंच, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. मलाही नाही. आठ दिवसांनी रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीचे फोटो घेऊन आला. प्रत्येक दिव्याभोवती दुधाळ वलय, काळं पाणी राखाडी झालेलं. त्या दिवशी ना पाऊस होता ना धुकं.

मी लेन्स काढली, घरातले दिवे घालवले आणि मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरला. पुढून पाहिलं तर आतल्या काचेवर कडेपासून मध्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरले होते. बुरशी. दुरुस्ती करणाऱ्याने काच उघडून पुसली, तर बुरशीने वरचा लेप खाल्लेला. त्याचे डाग आता जाणार नाहीत. शिवाय सफाईचा खर्च जवळजवळ दुसऱ्या जुन्या किट लेन्सइतका. विकणाऱ्याने फोन उचलणं कधीच बंद केलं होतं.

म्हणून सेकंड हँड कॅमेरा दिवसाउजेडीच पाहायचा, आणि तरीही टॉर्च न्यायचाच. माझी सवय सांगतो. लेन्स काढून दोन्ही बाजूंनी टॉर्च मारतो. धुळीचे चार कण दिसले तर सोडून देतो, तंतू किंवा धुरकट डाग दिसला की कितीही स्वस्त असो, उठतो. मग कॅमेऱ्यावर लेन्स लावून एफ/२२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान करून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढतो आणि स्क्रीनवर मोठा करून पाहतो. काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवरची धूळ. साफ होते, पण त्यासाठी भाव कमी करून घ्यावा. झाकण लावून काही सेकंदांचा एक फोटो काढतो, म्हणजे कायमचे पेटलेले पिक्सेल लगेच कळतात. बॅटरी बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवतो. फुगलेली असेल तर ती डगडगते. शेवटी बिलावरचा क्रमांक बॉडीच्या बुडाशी असलेल्या क्रमांकाशी जुळवतो. एवढ्याला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं थांबायला तयार नसलेल्या माणसाकडून मी काहीच घेत नाही.

शटर, म्हणजे दर फोटोला उघडणारा पडदा, किती वेळा उडालंय ते विचाराच. निकॉनच्या डी३००० मालिकेतलं शटर एक लाख वेळांपर्यंत तपासलेलं असतं. एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज होतात, म्हणजे चाळीस-पन्नास लग्नांत लाख होतात. निकॉनच्या मूळ, न छेडलेल्या फोटोच्या एक्झिफ माहितीत (फोटोसोबत आपोआप साठणाऱ्या नोंदीत) हा आकडा मिळतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांना केबल लावून कॉम्प्युटरवर पाहावा लागतो. "घरगुती वापराचा आहे" या वाक्यावर कुणीही विसंबू नये.

दुसरी चूक माझ्या जिव्हाळ्याची: सगळे पैसे बॉडीत घालणं. चाळीस हजार असतील तर अडतीसची बॉडी घेतात आणि लेन्सला "नंतर बघू" म्हणतात. ते नंतर दोन-दोन वर्षं येत नाही. रामकुंडाची तीच आरती घ्या. किट लेन्स पूर्ण झूम करून ५५ मिमीवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त). तिथे शटर १/१५ सेकंदाला येतं आणि हात जोडणारा माणूस हलला की फोटो पुसट. त्याच जागी ५० मिमी एफ/१.८ लावली तर साधारण १/१२५ मिळतं आणि चेहरा कापून काढल्यासारखा येतो. बॉडी तीच, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) तोच. कोणत्याही कंपनीची ५० मिमी एफ/१.८ ही तिच्या स्वस्तातल्या लेन्सांपैकी असते. मी तर सांगतो, बॉडी एक पायरी खालची घ्या, पण ही लेन्स पहिल्याच दिवशी घ्या.

फक्त कोणती ५० मिमी, हे पाहून घ्या. निकॉनचा माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची कडी, १९५९ पासूनचा, त्यामुळे जुन्या लेन्स बसतात. बसते म्हणजे चालते असं नव्हे. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हातानेच फिरवावा लागतो. अशा बॉडीला आत मोटर असलेली एएफ-एस घ्या. एएफ-पी ही नव्या प्रकारच्या मोटरची लेन्स घेण्याआधी आपल्या मॉडेलला चालते का ते तपासा, कारण जुन्या बॉडींना ती चालत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये १९८७ पासून मोटर लेन्समध्येच असल्यामुळे तिथे ही कटकट नाही.

पक्ष्यांचं वेड लागलेल्यांसाठी वेगळं. थंडीत नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात मनोऱ्यावर दरवेळी कुणीतरी ३०० मिमीची बिनस्टॅबिलायझेशनची (हाताचा थरथराट सावरण्याची सोय नसलेली) लेन्स घेऊन उभा दिसतो आणि चक्रवाकाचा एकही फोटो धड येत नाही म्हणून खट्टू असतो. ३०० मिमी, त्यात एपीएस-सी या नवशिक्यांच्या बॉडीतल्या लहान सेन्सरचा दीडपट हिशेब, म्हणजे ४५०, म्हणून हातात धरून किमान १/५०० सेकंदाचं शटर हवं. सकाळी सातच्या उजेडात ते मिळत नाही. लेन्सवर निकॉन असेल तर व्हीआर, कॅनन असेल तर आयएस ही अक्षरं बघूनच पैसे द्या. व्हीआरने हाताचा थरथराट थांबतो, उडणारा पक्षी थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका; २४ मेगापिक्सेलमधून २० इंच रुंद छपाई निघते, आणि तुमच्यापैकी बहुतेकांचे फोटो मोबाईलच्या स्क्रीनबाहेर जाणार नाहीत.

कॅमेऱ्यासोबत फुकट मिळणारा ट्रायपॉड त्याचं वजन पेलत नाही. तो ट्रायपॉड घरीच ठेवा.

कॅमेरा हातात न धरता ऑनलाइन मागवू नका. करंगळी ग्रिपखाली लोंबत राहिली तर तासाभराने मनगट बोलू लागतं. मेन रोडला किंवा एमजी रोडला जा, दोन बॉडी धरून बघा, मग कुठूनही घ्या.

"मॅन्युअल मोड नंतर शिकेन, आधी ऑटो" हे ऐकलं की मी चिडतो. निदान अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) शिकायला एक रविवार पुरतो. तो रविवार न देणाऱ्याने कॅमेऱ्यावर इतका पैसा घालू नये, मोबाईल उत्तम फोटो काढतो.

आता पावसाचं. सिंहस्थाची मुख्य स्नानं पावसाळ्यात येतात आणि नवशिक्यांच्या बॉडी व किट लेन्स पाण्यापासून सीलबंद नसतात. घाटावर जाताना पारदर्शक पिशवी आणि रबरबँड जवळ ठेवा. परत आल्यावर ओल्या बॅगेत कॅमेरा कोंडू नका. बुरशी तिथूनच सुरू होते. भाच्याने ती किट लेन्स बाजूला काढली, आणि मी ती त्याच्या नव्या लेन्सजवळसुद्धा ठेवू देत नाही. नव्या लेन्सला पारदर्शक झाकण घट्ट बसणारा पोळ्यांचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा पन्नासच्या वर गेला की पुड्या बदलायच्या. जून ते सप्टेंबर तो रोज सकाळी झाकणातून काटा बघतो.